पुंजाराम ऑपरेटरनं पाहिलेला एकच सिनेमा

"ज्याला भूत नीट करता येत नाय, त्यानंच भूत पाह्यलेलं असतंय," असं पुंजाराम एकदा म्हणाला होता.

एरवी तो बोलायचा कमी. बावीस वर्षं तो सिनेमाच्या केबिनमध्ये दोन मशिनांच्या मधोमध उभा होता. मशिनांच्या घरघरीत बोललेलं कुणालाच ऐकू जात नाही, हे एकदा अंगवळणी पडलं की माणूस बाहेर आल्यावरही बोलायचं विसरतो. मूळचा तो पाचोडचा. पोलीस ॲक्शननंतर दुसऱ्या वर्षी चुलत्याच्या मागं मागं औरंगाबादला आला, दोन वर्षं हॉटेलात कपबशा विसळल्या आणि मग शहागंजच्या बाजूच्या एका टॉकीजमध्ये लागला. त्या टॉकीजच्या जागी आता कापडाचं दुकान आहे.

केबिनमध्ये त्याचे उस्ताद होते हमीदमियाँ. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "पुंज्या, फिलम देखना नै. देखनेवाले नीचे बैठे हैं. तू कार्बन देख, और मशीन को सुन."

मशिनीच्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर असायच्या. त्यांच्या टोकांमध्ये जाळ पेटायचा आणि तोच उजेड पडद्यावर जायचा. कांड्या जळत जायच्या, त्यांच्यातलं अंतर वाढायचं, की उजेड पिवळा पडायचा. म्हणून मिनिटा-मिनिटाला स्क्रू फिरवून त्या जवळ आणायच्या. भिंतीतल्या चौकोनी काचेतून पडद्याकडं पाहायचं ते उजेड पांढरा आहे का पिवळा, एवढंच कळावं म्हणून. उस्ताद गेले, पण पुंजारामनं हा नेम मोडला नाही. शेकडो सिनेमे त्यानं चालवले आणि एकही पाहिला नाही. लग्न झाल्यावर सुरुवातीला साळूबाई विचारायची, "नवा पिच्चर कसा हाय वो?" पुंजाराम म्हणायचा, "सोळा रिळांचा. तिसऱ्या रिळाला जोड लई." पुढं तिनं विचारणंच सोडलं.

चौऱ्याहत्तरच्या चैत्रात मुंबईहून यायची सिनेमाची एक पेटी आली नाही आणि बाराचा खेळ रिकामा पडला. मॅनेजर आप्पासाहेब डोक्याला हात लावून बसले असताना कन्नडचा बन्सी दारात उभा राहिला. बन्सीचं कन्नडला फोटोचं दुकान होतं. त्याआधी पाच वर्षं तो मुंबईला फिल्म धुण्याच्या लॅबमध्ये नोकरीला होता. तिथून परतताना त्यानं उरलेसुरले तुकडे जमवून आणले आणि त्यांच्यावर एक अख्खा भुताचा सिनेमा काढला. नाव 'सातव्या पायरीची बाई'. प्रिंट एकच. ती अकरा डब्यांत घालून चार महिने तो टॉकीजमागून टॉकीज पालथी घालत होता.

"शुक्रवार ते गुरुवार," आप्पासाहेब म्हणाले. "एकच आठवडा. पडला तर सोमवारीच उतरवणार."

शुक्रवारी सकाळी पुंजाराम रिळं तपासायला बसला. फिल्मच्या कडा चिमटीत धरून रीळ हळूहळू फिरवायचं, म्हणजे फाटकी जागा बोटाला लागते. दहाव्या रिळात बोटाला काही लागलं, पण ते फाटलेलं नव्हतं, उंचवटा होता. पुंजारामनं फिल्म बल्बसमोर धरली. काळ्या-पांढऱ्या चौकटीत पायऱ्यांवर एक बाई उभी होती आणि तिच्या डोळ्यांत दोन लाल ठिपके होते, मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक. पुढच्या चौकटीत तेच, त्याच्या पुढच्या चौकटीतही तेच. आभाळात वीज होती, तीही सुईनं ओरखडून काढलेली, प्रत्येक चौकटीत थोडी वेगळी.

"हे काय वो?" त्यानं बन्सीला विचारलं.

"डोळे. तिचे."

"हातानं केलेत?"

"मग? नऊ सेकंद डोळे लाल होतेत. दोनशे सोळा चौकटी. फोटो रंगवायचा रंग, त्यात डिंक. निम्मे मी केलेत, निम्मे तिनं."

"तिनं म्हंजी?"

"आमच्या मंडळीनं. चतुराबाईनं. भूत बी तीच हाय की."

"अन् ब्रश?"

"ब्रश कुठला घेऊन बसलात, भाऊ! खारीच्या शेपटीचे दोन केस, काडीला बांधलेले. वर्ष गेलं त्यात."

पुंजारामनं रीळ परत गुंडाळलं, पण नेहमीपेक्षा सावकाश, आणि आपण सावकाश गुंडाळतोय हे ध्यानात आल्यावर उगाच चिडला.

बारा वाजता खेळ लागला. पाचशे खुर्च्यांत शंभर माणसं असतील. पहिल्या रिळापासूनच खाली हशा पिकला, आणि पिकण्यासारखंच होतं सगळं. एका घरची सून पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत, बुडून मरते आणि पुढं सातव्या पायरीवर दिसायला लागते, अशी गोष्ट. पण सिनेमा काढला बहात्तर साली, दुष्काळात. कन्नड तालुक्यातल्या कुठल्याच बारवेत ओंजळभर पाणी नव्हतं. मग बन्सीनं गावातल्या न्हाव्यांचे, नवरीमुलींच्या पेट्यांतले, पानवाल्यांचे आरसे मागून आणून बारवेच्या तळाशी मांडले होते. पाणी चकाकत होतं, पण हलत नव्हतं. त्या पाण्यातून एक घार गेली ती तीन तुकडे होऊन गेली. एका कोपऱ्यातल्या आरशात कॅमेऱ्यावर वाकलेला बन्सी दिसत होता, डोक्याला उपरणं बांधलेला. रात्र काढली होती ती दुपारीच, कॅमेऱ्यासमोर काळी काच धरून. त्यामुळं भर मध्यरात्री माणसांच्या पायाशी ठळक सावल्या होत्या आणि कुठंतरी कावळा ओरडत होता. धुकं म्हणून उसाचं ओलं पाचट पेटवलेलं. त्यात मांत्रिकाला खरोखरीचा ठसका लागला आणि त्याची दाढी एका बाजूनं सुटली. ती हातानं दाबून धरून तो मंत्र म्हणत राहिला.

"अबे, पहले दाढी का भूत उतार!" थर्डक्लासातून कुणीतरी ओरडलं.

दहावं रीळ लागलं. पुंजारामला त्या दोनशे सोळा चौकटी पाहायच्या होत्या. फक्त तेवढ्याच, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि काचेला कपाळ टेकवलं.

मांत्रिकानं राख फेकली. पायऱ्यांवरच्या बाईचे डोळे लाल झाले. ठिपके थरथरत होते, कारण कुठलेही दोन ठिपके एका जागी पडलेले नव्हते. वर्षभरातल्या दोन माणसांच्या हातांचं कापणं तिथं नऊ सेकंदांत एकवटलं होतं.

"सांग!" मांत्रिक गरजला. "ही जागा सोडून जातीस का नाय?"

बाईनं पदर खांद्यावरून घेतला. खाली वाकली. आणि हळूच म्हणाली, "येते."

टॉकीज कोसळली. लोक खुर्च्यांवर हात आपटून हसत होते.

"ये की! कवा येतीस?"

"उद्या बाराच्या खेळाला!"

पुंजारामच्या अंगावर काटा आला होता. का आला, ते त्याला कळेना. आरसे खोटे, रात्र खोटी, दाढी खोटी. पण हाकलून दिलेली बाई हाकलणाऱ्याचा निरोप घेत होती, रीतीनं, पदर घेऊन, आणि वळून कोरड्या बारवेत उतरत होती. पाठमोरी. एकेक पायरी. आपल्याकडं घरातून पाऊल बाहेर टाकताना जे म्हणायचं तेच ती म्हणाली होती. मरून भूत झाल्यावरही जिभेचं वळण गेलं नव्हतं, आणि त्यानंच पुंजारामचा जीव घाबरा झाला होता. तो पाहत राहिला. पडदा पिवळा पडला, मग तपकिरी झाला, मग काहीच दिसेनासं झालं. शिट्ट्या सुरू झाल्या तेव्हा तो भानावर आला. कार्बन जळून दूर गेले होते. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"झोप लागली होती का रे?" खेळ सुटल्यावर आप्पासाहेबांनी विचारलं.

"नाय साहेब. पिच्चर पाहत होतो."

"हा? अरे, मांत्रिकाची दाढी हातात येतेय त्यात! भूत कसं करायचं तेसुद्धा त्या कन्नडवाल्याला येत नाही."

त्यावर पुंजाराम ते वाक्य बोलला होता. आप्पासाहेब हसले आणि हे सगळ्यांना सांगायला गेले.

त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. तीनच्या, सहाच्या खेळाला तो मशिनीजवळ उभा असायचा, पण कान दुसरीकडं असायचे. जेवताना हात ताटात थांबायचा. बाराच्या खेळाला त्यानं आता एक स्टूल काचेजवळ ओढून घेतलं होतं. एक हात मागं स्क्रूवर, डोळे पुढं. उजेड पांढरा ठेवायचा आणि पाहायचंही, ही कसरत त्याला जमायला लागली, आणि जमायला लागली तसा तो जास्तच बेचैन झाला. बावीस वर्षं आपण काय पाहिलं नाही, हा विचार त्याला नको होता. तो विचार यायचाच.

शनिवारी खेळानंतर, फिल्म जिच्यासमोरून सरकते ती मशिनीची खिडकी फडक्यानं पुसताना फडक्याला लाल भुकटी लागली. त्याला आधी कळेना. मग त्यानं दहावं रीळ बल्बसमोर धरलं. पंधरा-वीस चौकटींत बाईचा एक डोळा पांढरा झाला होता. जाळाच्या धगीनं डिंक तडकत होता आणि प्रत्येक खेळाला थोडे थोडे डोळे गळत होते.

"बोटाला काय लागलंय?" घरी साळूबाईनं विचारलं. "कुंकवाचा करंडा सांडला का काय?"

"तू उद्या टॉकीजला ये," तो म्हणाला. "बाराला."

लग्नाला सोळा वर्षं झाली होती. असं तो कधी म्हणाला नव्हता. साळूबाईनं इरकली लुगडं काढलं.

रविवारी ती बायकांच्या बाजूला बसली. खेळ सुटल्यावर पुंजाराम जिन्याखाली तिची वाट पाहत होता.

"कसा हाय?" त्यानं विचारलं.

"चांगला हाय की. तेवढा तो आरशातला मानूस दिसतोय, त्याला सांगा कुनीतरी."

"अन् लोकं हसले ते?"

"व्हय, ते कशाला हसायलेत वो शेवटाला?"

"ती 'येते' म्हनली म्हनून. भूत 'जाते' म्हनलं पायजे ना. मांत्रिक त्याच्यासाठीच तर बसलाय."

साळूबाई थांबली. "मंग काय, नवऱ्याच्या तोंडावर 'जाते' म्हनन व्हय ती?"

"नवरा कुठला? मांत्रिक हाय तो."

"दाढीच्या वरून मांत्रिक. दाढीच्या आत नवराच हाय ना? माझ्या बाजूलाच बसली होती ती, चतुराबाई. तिनंच सांगितलं. म्हनली, बहिनी, आम्ही हे शंभर डाव पाह्यलं, आवाज बी मागून भरला, तरी दोघांपैकी एकाच्याबी ध्यानात आलं नाय. काय चुकलं तेच मला अजून कळंना."

"तू काय म्हनलीस?"

"मी काय म्हनू? मला बी कळंना."

पुंजाराम त्या दिवशी तीनच्या खेळाला हसत हसत वर गेला. पण ते हसू फार टिकलं नाही.

कारण सोमवारी टॉकीज भरली. गुलमंडीपासून सिटी चौकापर्यंत बातमी पोचली होती, की एक भूत निरोप घेऊन जातं. पोरं कॉलेज बुडवून आली. वकील आले, दुकानदार आले. सगळे त्या एका शब्दासाठी आलेले. 'येते' झालं आणि सगळी टॉकीज "वन्स मोअर!" म्हणून बाकं बडवायला लागली. आप्पासाहेब लोखंडी जिना चढून धापा टाकत केबिनमध्ये आले.

"पुंजाराम, घे रीळ मागं. पुन्हा दाखव."

"साहेब, मधूनच..."

"पब्लिक मागतंय! नाटकात नाही का पद पुन्हा घेत? घे मागं."

पुंजारामनं मशीन थांबवली. रीळ काढलं, टेबलावर मागं गुंडाळलं, पुन्हा चढवलं. बाईनं पुन्हा पदर घेतला, पुन्हा वाकली. आता लोक तिच्याआधीच म्हणाले, "येते!" मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा रीळ काढताना टेबलावर लाल भुकटी पडली होती. पुंजारामनं काचेतून खाली पाहिलं. बायकांच्या बाजूला पडद्यावरचीच बाई, चतुराबाई, उठली, तोंडाला पदर लावला आणि वाट काढत दाराकडं गेली. तिला ओळखून आता जागोजाग सगळे तेच म्हणत होते, "येते, येते."

मी हे केलं, असं पुंजारामच्या मनात आलं. मांत्रिकानं नाही, पब्लिकनं नाही. मशीन माझ्या हातात होती.

मंगळवारी सकाळी बन्सी केबिनमध्ये आला. दाढी वाढलेली, खरी.

"पुंजारामभाऊ, तेवढं काढून टाका."

"काय?"

"ते 'येते'. ब्लेड तुमच्याजवळ असतंयच."

"तिथं कापलं तर डोळे बी जातेत."

"मग आवाजाच्या पट्टीवर काळा रंग मारा. आवाज तेवढा बंद व्हईल."

"मग ती मुकी जाईल," पुंजाराम म्हणाला. "फिल्म तुमची हाय. हे टेबल, हे ब्लेड. तुम्हीच करा."

बन्सीनं दहावं रीळ उलगडून बल्बसमोर धरलं. बराच वेळ तो चौकटी सरकवत राहिला.

"डोळे कुठं गेले?"

"धगीनं गळायलेत. शनिवारपासून बघतोय. अन् काल एकाच खेळाला तीन डाव फिरवलं मी. साहेबानं सांगितलं अन् मी फिरवलं."

पुंजारामला वाटलं, हा आता शिवी देईल. देईल तर बरं होईल. बन्सीनं शिवी दिली नाही.

"ती आज पहिल्या गाडीनं कन्नडला गेली," तो म्हणाला. "म्हनलं, गुरुवारपर्यंत थांब. नाय थांबली." त्यानं रीळ परत गुंडाळलं. "राहू द्या. जसं हाय तसं राहू द्या. पर एक करा भाऊ, एका खेळाला एकच डाव फिरवा. प्रिंट एवढीच हाय. तुमच्या हातात हाय म्हनून म्हनतो."

"एकच डाव," पुंजाराम म्हणाला.

मंगळवारी आप्पासाहेब कचेरीच्या कामाला गेले होते, निभावलं. बुधवारी ते जिना चढायला लागल्याचं ऐकून पुंजारामनं आधीच ओरडून सांगितलं, "मशीन तापलीय साहेब! आता थांबवली तर फिल्म जळंल!" आप्पासाहेब अर्ध्या जिन्यावरून परत गेले. खाली लोकांनी दहा मिनिटं आरडाओरडा केला. खोटं बोलल्याचं पुंजारामला वाईट वाटलं नाही. पण उद्या काय बोलायचं, ते त्याला सुचत नव्हतं.

गुरुवारी, शेवटच्या दिवशी, आप्पासाहेब दहावं रीळ लागायच्या आधीच वर येऊन उभे राहिले. बाल्कनीत त्यांचे व्याही होते, दोन साहेबलोक होते. त्या सगळ्यांना त्यांनी 'येते' ऐकायला मुद्दाम बोलावलं होतं. आत चौघं मावत नाहीत अशा त्या केबिनमध्ये ते रुमालानं मान पुसत होते. दाराबाहेर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बन्सी प्रिंट परत न्यायला येऊन बसला होता.

राख फेकली गेली. बाईचे डोळे आता सगळेच लाल नव्हते. मधूनच एखादा ठिपका पेटायचा, विझायचा, पुन्हा तिसरीकडं पेटायचा. शुक्रवारी ती बाई रागावलेली वाटली होती. आज ती कुठूनतरी लांबून पाहते आहे असं वाटत होतं. पुंजारामनं स्क्रू अर्धा फेरा फिरवला. उजेड पांढरा शुभ्र होता.

"येते," पाचशे माणसं म्हणाली.

"वन्स मोअर!"

"थांबव," आप्पासाहेब म्हणाले.

पुंजारामनं दुसऱ्या मशिनीचा जाळ पेटवला. अकरावं रीळ तिच्यावर चढवलेलं होतं.

"पुंजाराम, थांबव म्हणतोय ना! पाहुणे बसलेत खाली. एकदाच घे मागं. एकदा!"

पडद्याच्या कोपऱ्यात रीळ बदलायच्या खुणेचा पहिला ठिपका आला. पुंजारामचा हात पुढं गेला.

"हे बघ, बावीस वर्षं तू कधी नाही म्हटलं नाहीस. म्हणून मीही तुला कधी काही बोललो नाही. आता या कन्नडच्या फोटोवाल्यासाठी नाही म्हणणार? कोण लागतो तो तुझा?"

दुसरा ठिपका आला. पुंजारामनं एका मशिनीची झडप पाडली, दुसरीची उचलली. अकरावं रीळ सुरू झालं. त्यानं पहिली मशीन बंद केली, दहावं रीळ उतरवलं आणि गुंडाळायच्या टेबलावर न नेता तसंच डब्यात ठेवून झाकण लावलं.

खाली गोंधळ माजला. चपला पडद्याकडं गेल्या. मग आता काही परत येत नाही हे कळल्यावर लोक उठायला लागले. दारं उघडली, ऊन आत आलं, पडद्यावरची रात्र फिकी झाली. आप्पासाहेब "गेले, पाहुणे गेले," असं म्हणत काचेपाशी उभे होते. मग ते वळले.

"तीनच्या खेळाआधी माझ्याकडं येऊन माफी मागायची. नाहीतर ही केबिन विसरायची. कळलं?"

पुंजाराम काचेतून पाहत होता. पडद्यावर सकाळ झाली होती. बारवेत कुणी नव्हतं. आरसे तळाशी पडलेले, त्यांच्यावर धूळ, आणि त्यांच्यात आभाळ. खाली बारा-पंधरा माणसं उरली होती, त्यांच्यातलं कुणी हसत नव्हतं. एक म्हातारा पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकवून बसला होता. पांढरा पडदा येईपर्यंत पुंजारामनं स्क्रूवरचा हात काढला नाही.

मग त्यानं जाळ विझवला. अकरावं रीळ डब्यात घातलं. अकरा डबे मोजून सुतळीनं बांधले, दोन गाठी मारल्या, आणि दाराबाहेर बन्सीच्या हातात दिले. बन्सी काहीतरी बोलायला उठला.

"पुंजाराम," आतून आप्पासाहेब म्हणाले. आवाज आता उतरला होता. "अरे, तीनला उजेड कोण देणार? पुंजाराम?"

बन्सीच्या अंगाला अंग घासून पुंजाराम जिना उतरला, फाटकापाशी तीनच्या खेळासाठी लागलेल्या रांगेतून वाट काढली आणि कुणाला 'येतो' असंही न म्हणता भर उन्हात बाहेर पडला.